जीभ, कानाची पाळी आणि डोळ्यांचा रंग धड्यातून काढा : जीवशास्त्राच्या पाठ्यपुस्तककारांना खुले पत्र

जीवशास्त्राची पाठ्यपुस्तके लिहिणाऱ्या, तपासणाऱ्या आणि प्रश्नपत्रिका काढणाऱ्या सर्व मंडळींस,

सप्रेम नमस्कार.

आनुवंशिकतेच्या धड्यात एक पान वर्षानुवर्षे तसेच छापले जाते. जिभेच्या कडा वर वळवून पन्हळ केलेला एक चेहरा आणि शेजारी तशी पन्हळ न जमणारा दुसरा. खाली सुटी आणि चिकटलेली कानाची पाळी. त्याखाली तपकिरी आणि निळे डोळे. वर मथळा : 'प्रभावी व अप्रभावी लक्षणे'. प्रत्येक जनुकाच्या दोन प्रती असतात, एक आईकडून आणि एक वडिलांकडून. एका प्रतीवरही दिसते ते लक्षण प्रभावी, दोन्ही प्रती तशा असतील तरच दिसते ते अप्रभावी. आमची मागणी एवढीच, की हे पान पुढच्या आवृत्तीत छापू नये. एक जनुक, त्याची दोन रूपे आणि त्यांतून दोन लक्षणे, हा नियम त्यांतल्या एकाही उदाहरणाला लागू पडत नाही. वाटाण्यावरच्या प्रयोगांतून मेंडेलने मांडलेला हा नियम चुकीचा आहे असे आमचे म्हणणे नाही. तो खराच आहे, म्हणूनच त्याला खरी उदाहरणे मिळायला हवीत.

जिभेपासून सुरुवात करू. १९४० साली आल्फ्रेड स्टर्टेव्हंट यांनी जीभ वळवण्याचे कसब एका प्रभावी जनुकामुळे येते असे सुचवले. फळमाशीच्या गुणसूत्रावर जनुके कोणत्या क्रमाने बसली आहेत याचा पहिला नकाशा १९१३ मध्ये याच स्टर्टेव्हंट यांनी काढला होता. एवढ्या मोठ्या माणसाचा शब्द पुस्तकांनी लगेच उचलला यात नवल नाही. पण १९५२ मध्ये मॅटलॉक यांनी एकरूप जुळ्यांच्या ३३ जोड्या तपासल्या, तेव्हा ७ जोड्यांत एका भावंडाला जीभ वळवता येत होती आणि दुसऱ्याला येत नव्हती. एकरूप जुळी एकाच फलित अंड्यातून जन्मतात, त्यांची जनुके सारखीच असतात. जीभ एकाच जनुकाच्या हुकमावर वळत असती, तर ३३ च्या ३३ जोड्या जुळायला हव्या होत्या. त्याच सुमारास जपानी शाळकरी मुलांच्या पाहणीत सहा-सात वर्षांच्या मुलांपैकी ५४ टक्के मुलांना आणि बारा वर्षांच्या मुलांपैकी ७६ टक्के मुलांना जीभ वळवता आली. वयानुसार जनुके बदलत नाहीत, सराव मात्र वाढतो. १९६५ मध्ये खुद्द स्टर्टेव्हंट यांनी लिहून ठेवले, की हे उदाहरण अजूनही सिद्ध म्हणून दिले जाते याचा आपल्याला संकोच वाटतो. ज्याने ही कल्पना मांडली त्यानेच ती मागे घेतली, पुस्तकांनी मात्र घेतली नाही.

जुळ्यांच्या या आकड्यांवरून जिभेच्या बाबतीत जनुकांचा काहीच वाटा नाही, असा निष्कर्षही काढता येत नाही. एकच जनुक आणि हो-नाही असे दोनच निकाल, ही चौकट तेवढी मोडते.

कानाच्या पाळीत तर दोन गट करणेच मुळात कठीण आहे. वर्गातल्या तीस कानांकडे नीट पाहा. काही पाळ्या गालाला सरळ मिळतात, काही जेमतेम सुटतात, काही अर्ध्यावर असतात, काही लोंबतात. मधल्या कानांना कोणत्या रकान्यात टाकायचे हे मोजणाऱ्याच्या मनावर अवलंबून राहते. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अभ्यासात पाळीच्या जोडणीशी संबंधित ४९ जागा जनुकसंचात सापडल्या. अंगठा मागे वाकणे, बोटे गुंफताना कोणता अंगठा वर येतो, कपाळावरच्या केसांचे टोक, गालावरची खळी, या उदाहरणांनाही एकजनुकी वारशाचा भक्कम पुरावा नाही. त्यांच्यावर वेगळे लिहीत बसत नाही. पान काढताना तीही काढावीत.

डोळ्यांच्या रंगाबद्दल थोडे सविस्तर लिहायला हवे, कारण तिथे अर्धे सत्य आहे. निळ्या डोळ्यांत निळे रंगद्रव्य नसते. बुबुळाच्या पुढच्या थरात मेलॅनिन कमी असले की प्रकाश विखुरतो आणि डोळा निळा दिसतो. मेलॅनिन जास्त असले की तपकिरी दिसतो. मेलॅनिनच्या कामात १५ व्या गुणसूत्रावरच्या ओसीए२ या जनुकाचा मोठा हात आहे, पण निळ्या डोळ्यांमागचा सर्वांत महत्त्वाचा फरक त्या जनुकात नाहीच. तो शेजारच्या एचईआरसी२ जनुकाच्या आतल्या एका प्रथिन न बनवणाऱ्या तुकड्यात आहे. तिथे डीएनएच्या चार अक्षरांपैकी 'ए' असेल तर ओसीए२ जोमाने चालते, 'जी' असेल तर त्याचा दिवा मंद होतो. दोन्ही प्रती 'जी' असलेल्या बहुतेकांचे डोळे निळे असतात. हे कळले २००८ साली. इथपर्यंत पुस्तकातली गोष्ट जवळपास जुळते. पण २०२१ मध्ये सुमारे १,९५,००० लोकांच्या अभ्यासात डोळ्यांच्या रंगाशी संबंधित ६१ जागा मिळाल्या. हिरवट, करडे, मधाळ, बाहुलीभोवती तपकिरी कडे असलेले, असे सगळे डोळे त्यांतून घडतात. निळ्या डोळ्यांच्या आईवडिलांना तपकिरी डोळ्यांचे मूल होणे विरळा असले तरी शक्य आहे. पुस्तक म्हणते अशक्य.

हा 'अशक्य' शब्दच आमच्या काळजीचे कारण आहे. प्रश्नपत्रिकेत विचारले जाते : 'आई व वडील दोघांनाही जीभ वळवता येत नाही, तर त्यांच्या मुलाला ती वळवता येईल का?' अपेक्षित उत्तर : 'नाही'. पुढे गृहपाठ असतो, घरातल्या सगळ्यांच्या जिभा, कान, डोळे पाहून तक्ता भरा. तक्त्यात न बसणारे मूल असा विचार करणार नाही की पुस्तक चुकले असेल. आपण या घरातले आहोत ना, ही शंका घेऊन ते झोपायला जाईल. दत्तक मुलांना, एकाच पालकासोबत राहणाऱ्या मुलांना तर हा तक्ता वर्गासमोर नुसता उघडणेही जड जाते. एका चुकीच्या उदाहरणापायी एवढी किंमत कोणत्याही मुलाने का मोजावी?

आता पर्यायांकडे येतो.

पहिली विनंती, मेंडेलच्या वाटाण्यावर अजून दोन पाने द्या आणि माणसावरची दोन कमी करा. १८६६ मध्ये छापलेल्या निबंधात मेंडेलने दुसऱ्या पिढीतले ५,४७४ गोल आणि १,८५० सुरकुतलेले दाणे मोजले. गुणोत्तर येते २.९६ : १. हे आकडे पुस्तकात असतात, पण दाणा सुरकुततो का, हे मात्र नसते. त्याचे उत्तर १९९० मध्ये मिळाले. स्टार्चच्या साखळीला फांद्या फोडणाऱ्या विकराच्या (एन्झाइमच्या) जनुकात सुमारे ८०० अक्षरांचा उपरा तुकडा घुसला आहे. त्यामुळे विकर बिघडते, फांदीदार स्टार्च कमी बनतो, साखर तशीच साचते, साखरेमागोमाग दाण्यात पाणी जास्त शिरते आणि दाणा टम्म फुगतो. पिकून वाळताना ते जादा पाणी निघून जाते, साल मोठी राहते आणि तिला चुण्या पडतात. जनुकाची एक प्रत धड असली तरी पुरेसे विकर बनते, म्हणून संकरित दाणा गोल दिसतो. 'प्रभावी' या शब्दाचा सगळा अर्थ या एका वाक्यात आहे. एक रूप दुसऱ्याला दडपत नाही. एका प्रतीवर काम भागते, एवढेच.

हे डोळ्यांनी दाखवताही येते. वाळलेला दाणा रात्रभर भिजवा, आडवा कापा, कापलेल्या भागावरून सुईच्या टोकाने किंचित खरवडून काचपट्टीवर घ्या. त्यावर पाण्याचा एक थेंब आणि पातळ केलेल्या आयोडिनचा एक थेंब टाका, वर झाकणकाच ठेवा, ४०० पट मोठे करून पाहा. आयोडिन दाट झाले तर सगळेच काळे दिसते आणि काही कळत नाही. तसे झाल्यास झाकणकाचेच्या एका कडेला पाणी सोडून दुसऱ्या कडेने टिपकागदाने ओढून घ्यावे. गोल दाण्यातले स्टार्चचे कण अखंड, लांबट आणि गुळगुळीत दिसतात. सुरकुतलेल्या दाण्यातले कण भेगाळलेले, तुकडे जोडल्यासारखे असतात. संकरित दाणा मिळाला तर त्यातले कण या दोन्हींच्या मधले दिसतात. म्हणजे दाण्याच्या आकाराकडे पाहिले तर गोलपणा प्रभावी, आणि स्टार्चच्या कणांकडे पाहिले तर दोन्ही रूपांचा परिणाम मधोमध. आपण कोणत्या पातळीवर पाहतो त्यावर प्रभावी-अप्रभावी ठरते. हे एकदा सूक्ष्मदर्शकातून पाहिलेला विद्यार्थी ती व्याख्या पुन्हा घोकणार नाही.

दुसरी विनंती, 'प्रभावी म्हणजे जास्त लोकांत आढळणारे' असे ध्वनित करणारी वाक्ये काढा. हंटिंग्टनचा मेंदूचा आजार प्रभावी आहे आणि दुर्मीळ आहे. रक्तगटातले ओ रूप अप्रभावी आहे, तरी जगात ओ रक्तगटाची माणसे भरपूर आहेत. एखादे रूप किती पसरते हे निवड, योगायोग आणि स्थलांतर ठरवतात. प्रभावी असण्याचा त्याच्याशी संबंध नाही.

माणसातले एकजनुकी उदाहरण हवेच असेल तर कानातला मळ घ्या. विषय ऐकायला बरा वाटत नाही, पण उदाहरण म्हणून लखलखीत आहे. १६ व्या गुणसूत्रावरच्या एबीसीसी११ जनुकात एका अक्षराचा फरक आहे. 'जी'च्या जागी 'ए' आले की प्रथिनात १८० व्या जागी ग्लायसीनऐवजी आर्जिनीन बसते आणि पेशीतून पदार्थ बाहेर टाकणारा हा पंप बंद पडतो. दोन्ही प्रती 'ए' असतील तर मळ कोरडा, भुशासारखा. एक जरी 'जी' असेल तर ओला, चिकट. हे २००६ मध्ये सिद्ध झाले. पूर्व आशियात कोरडा मळ बहुसंख्यांत आढळतो, युरोप-आफ्रिकेत ओला. यालाही दुर्मीळ अपवाद आहेत, पण आईवडिलांकडून येणाऱ्या रूपांच्या जोड्या दाखवणारा चौकोनी तक्ता मांडायला यापेक्षा चोख मानवी लक्षण शोधून सापडणार नाही. मात्र ते कागदावरच शिकवावे. वर्गात कान तपासू नयेत.

कडू चवीचा प्रयोग ठेवायचा असेल तर तो बदलून ठेवा. १९३१ मध्ये आर्थर फॉक्स यांच्या प्रयोगशाळेत पीटीसी या रसायनाची भुकटी हवेत उडाली. सहकाऱ्याला ती कडू लागली, फॉक्सना काहीच लागली नाही. यामागे आहे टीएएस२आर३८ हे चव-ग्राहकाचे जनुक. त्यात तीन ठिकाणी, म्हणजे प्रथिनातल्या ४९, २६२ आणि २९६ व्या जागी, फरक पडतो. या तीन जागा बहुधा एकत्रच वारशाने येतात, म्हणून 'चव कळणारे' आणि 'न कळणारे' अशी दोन मुख्य रूपे दिसतात. पण या जनुकाने लोकांमधल्या फरकाचा ५५ ते ८५ टक्के भाग उलगडतो, सगळा नाही. तेव्हा उत्तरपत्रिकेत 'लागते/लागत नाही' असे दोन रकाने देऊ नका. ० ते १० अशी पट्टी द्या आणि आकड्यांचा आलेख काढायला सांगा. दोन टेकड्या दिसतील आणि मधल्या दरीतही काही जण उभे असतील. ती दरी पुसून टाकू नये.

तिसरी विनंती बहुजनुकी लक्षणांची. आज हा विषय एका परिच्छेदात उरकला जातो, तोही धड्याच्या शेवटी, परीक्षेत न येणारा भाग म्हणून. वास्तवात माणसाची बहुतेक लक्षणे याच परिच्छेदातली आहेत. कोणाही माणसाची डीएनएमाला प्रमाण मालेशी ताडली तर ४० ते ५० लाख जागी फरक निघतात. त्यांतले बहुतेक निरुपद्रवी, आणि ज्यांचा परिणाम होतो त्यांचाही एकेकट्याचा फार थोडा. २०२२ मध्ये सुमारे ५४ लाख लोकांच्या माहितीवरून उंचीशी संबंधित १२,१११ जागा निश्चित झाल्या. एवढ्या साऱ्या जागा एकत्र धरून युरोपीय वंशाच्या लोकांतल्या उंचीच्या फरकाचा सुमारे ४० टक्के भाग सांगता येतो, इतरांत १० ते २० टक्केच, कारण अभ्यासातले बहुसंख्य लोक युरोपीय वंशाचे होते. हे शेवटचे वाक्यही पुस्तकात हवे. एका समूहात बेतलेली मोजपट्टी दुसऱ्या समूहाला तशीच लावता येत नाही, हे मुलांना शाळेतच कळावे.

यासाठी वर्गात दहा नाणी पुरतात. पाच जनुके, प्रत्येकाच्या दोन प्रती, म्हणून दहा नाणी. छाप म्हणजे उंची वाढवणारे रूप, एक गुण. काटा म्हणजे शून्य. प्रत्येकाने दहाही नाणी उडवून बेरीज फळ्यावर मांडायची. दहाच्या दहा छापा पडण्याची शक्यता १,०२४ मध्ये १ आहे, तर बेरीज ४, ५ किंवा ६ येण्याची ६७२. एकट्या वर्गाच्या तीस बेरजांत आलेख ओबडधोबड येतो आणि मुले 'प्रयोग फसला' म्हणतात. तेव्हा प्रत्येकाने चार वेळा उडवावे. १२० बेरजा झाल्या की घंटेचा आकार उभा राहतो. मग प्रत्येकाने फासा टाकावा. १-२ पडले तर बेरजेतून एक वजा, ३-४ ला काही नाही, ५-६ ला एक अधिक. हे झाले पोषण, आजारपण, झोप. आलेखाचे दात बुजतात आणि तो पसरतो. शेवटी विचारावे, की पाचही जोड्यांत एक छाप आणि एक काटा असलेल्या आईवडिलांच्या मुलाची, फासा टाकण्याआधीची, बेरीज किती असू शकेल? ० ते १०, काहीही. मध्यम उंचीच्या जोडप्याला उंच आणि बुटकी अशी दोन्ही मुले कशी होतात, याचे उत्तर मुलांच्या हाताखालीच पडलेले असते.

इथेच 'उंची ८० टक्के आनुवंशिक असते' या वाक्याचाही बंदोबस्त व्हावा. मुले त्याचा अर्थ असा लावतात, की १७० सेंटिमीटरपैकी १३६ जनुकांनी दिले आणि ३४ आहाराने. तसे ते नाही. ही टक्केवारी एका माणसाच्या उंचीची वाटणी करत नाही. एका समूहात, त्या वेळच्या परिस्थितीत, माणसामाणसांतला जो फरक आहे त्याचा किती भाग जनुकांतल्या फरकाशी जुळतो, एवढेच ती सांगते. सगळ्यांना सारखे पोटभर मिळाले की हा आकडा वाढतो, कोणाला मिळाले आणि कोणाला नाही तर घटतो. जनुके तीच राहतात.

जनुक आणि परिस्थिती यांचे नाते दाखवायला सयामी मांजरीचे चित्र छापा. तिच्यात मेलॅनिन बनवणाऱ्या टायरोसिनेज विकराचे रूप असे आहे, की ते अंगाच्या उष्ण भागात काम करत नाही. म्हणून धड फिकट, आणि कान, नाक, पंजे, शेपूट हे थंड भाग गडद. पिल्ले जन्मतात तेव्हा जवळपास पांढरी असतात, कारण गर्भाशयात सगळीकडे सारखीच ऊब असते. माणसातले उदाहरण फिनाइलकिटोनुरियाचे द्या. पीएएच जनुकाच्या दोन्ही प्रती बिघडल्या की आहारातून येणारे फिनाइलअॅलानीन हे अमिनो आम्ल रक्तात साचते आणि मेंदूची वाढ खुंटते. जन्मानंतरच्या पहिल्या काही दिवसांत टाचेतून रक्ताचा थेंब घेऊन निदान झाले आणि लगेच पथ्याचा आहार सुरू झाला, तर ते मूल जवळपास इतरांसारखेच वाढते. डीएनएतले एक अक्षरही न बदलता.

भाषेबद्दल एक आग्रह आहे. 'स्तनाच्या कर्करोगाचे जनुक' असे छापू नका. बीआरसीए१ हे जनुक सगळ्यांकडे असते आणि तुटलेला डीएनए दुरुस्त करणे हे त्याचे काम आहे. त्याची काही बिघडलेली रूपे धोका वाढवतात. जनुकाला आजाराचे नाव दिले की विद्यार्थी समजतो, निरोगी माणसात ते जनुक नसतेच.

शेवटी रक्तगट. ए, बी, ओ हे उदाहरण जरूर ठेवा. ए आणि बी रूपांची विकरे फक्त चार अमिनो आम्लांनी वेगळी असतात. ओच्या नेहमीच्या रूपात एकच अक्षर गळाल्याने पुढचे सगळे वाचन सरकते आणि विकर निकामी होते. एका धड्यात सहप्रभाविता (एबी गटात ए आणि बी दोन्ही दिसणे) आणि अप्रभाविता दोन्ही शिकवता येतात. पण शेजारी बॉम्बे रक्तगटाची चौकट हवी. १९५२ मध्ये भेंडे आणि सहकाऱ्यांनी त्याची नोंद केली. ए आणि बी विकरांना लाल रक्तपेशीवरच्या ज्या एच नावाच्या पायावर साखर जोडायची असते तो पायाच या लोकांत बनत नाही, म्हणून जनुक ए किंवा बीचे असूनही नेहमीच्या तपासणीत गट ओ दिसतो. एबी आणि ओ यांच्या जोडीला ओ गटाचे मूल होणार नाही, हे विधान या कारणाने आणि एकाच गुणसूत्रावर ए-बी दोन्ही कामे करणाऱ्या दुर्मीळ रूपामुळेही मोडू शकते. म्हणून प्रश्नपत्रिकेत 'हे मूल या जोडप्याचे असू शकेल का?' असे विचारूच नका. 'नेहमीच्या तीन रूपांपैकी कोणती रूपे मुलाकडे येण्याची किती शक्यता?' असे विचारा.

आणि शिक्षक-हस्तपुस्तिकेत दोन ओळी घाला. घरच्यांचे रक्तगट गृहपाठाला मागवू नयेत. एखाद्या विद्यार्थ्याने स्वतःहून न जुळणारे गट आणून दाखवले, तर वर्गासमोर तक्ता मांडू नये. त्याला बाजूला घेऊन सांगावे, की कार्डावरची नोंद चुकलेली असू शकते, तपासणीत गफलत होऊ शकते, दुर्मीळ रूपेही असतात आणि शाळेतल्या चौकोनी तक्त्यावरून नाती ठरत नाहीत.

आपले,
जनुकशास्त्र शिकवणारे आणि त्यात काम करणारे काही जण